आज चहा नाही, चित्रण आहे

मित्रांनो, मला हातात घेऊन हलवलेत तर मी खुळखुळ्यासारखी वाजेन. घाबरू नका, मोडलेली नाही मी. माझी चाके मुळातच सैल असतात. मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. जाड वहीएवढे काळे अंग आणि पोटात गुंडाळलेली लांबच लांब तपकिरी फीत. त्या फितीवर एका संध्याकाळचे व्हायोलिन आहे. ते राहावे म्हणून काही माणसांनी काय काय केले, ते सांगते.

कारखान्यात माझ्यासारख्या हजारो बहिणी होत्या, सगळ्या कोऱ्या. कोणाच्या नशिबी लग्न आले, कोणाच्या नशिबी खेळाचा सामना. माझ्या नशिबी एका संगीत मंडळाचे सभागृह आले. तिथे एक बाई हौसेने कॅमेरा चालवत असे. तिची मावशी त्याच मंचावर व्हायोलिन वाजवी, पण नेहमी गाणाऱ्याच्या मागे, खांबाच्या आडोशाला. आयुष्यभर तिने दुसऱ्याच्या सुरामागे सूर धरला. एकदा मात्र ठरलेला गायक आजारी पडला आणि मावशीला एकटीने वाजवायला बसवले. ती संध्याकाळ भाचीने माझ्या फितीवर उतरवून घेतली. शेवटी टाळ्या थांबेनात, तेव्हा मावशीने मागे वळून पाहिले. तिला वाटले, मागे कोणी गायक येऊन उभा राहिला की काय!

मंडळाची पैशांची ओढाताण कायमचीच. नवी कॅसेट परवडत नसे, म्हणून जुन्या कॅसेटवरच नवा कार्यक्रम उतरवायची पद्धत पडली होती. नवे उतरले की आधीचे पुसले जाई. माझ्या कितीतरी बहिणींच्या पोटातले गाणे असेच गेले. कोणाला त्यात वावगे वाटत नसे. उलट, आपण किती काटकसरी, असे कौतुकाने सांगत.

एके दिवशी एक मोठे गवई यायचे होते. मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे काका म्हणत, ते नेमके मलाच घेऊन आले.

“ही घे. हिच्यावर उतरव आजचं.”

“काका, हिच्यात मावशी आहे.”

“अगं, मावशी कुठे पळून जातेय? उद्या पुन्हा वाजवेल.”

“उद्याचं उद्या वाजवेल. त्या दिवशीचं मी कुठून आणू?”

“मग आण नवी कॅसेट आभाळातून!”

माझ्या कडेला प्लास्टिकचा एक छोटा दात असतो. तो मोडला की यंत्र माझ्यावर नवे काही उतरवत नाही. भाचीने पिशवीतून पेचकस काढला आणि कटकन तो दात पाडला. मित्रांनो, दुखले नाही हो. इतके हायसे वाटले, की काय सांगू!

काका हसले. “त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की पुन्हा उतरवता येतं. मला शिकवतेस?”

“लावा ना, काका. पण मग कॅमेराही तुम्हीच चालवा.”

एवढे बोलून ती थेट मंचावर गेली. तिचा आवाज मुळात बारीक. भरलेल्या सभागृहासमोर ती म्हणाली, “आज कॅमेऱ्यात कॅसेट नाही. गाणं तुम्ही ऐकाल आणि ते संपून जाईल. ते राहावं असं वाटत असेल, तर मध्यंतराचा चहा सोडा. त्या पैशांत नवी कॅसेट येईल.”

मागून कोणीतरी ओरडले, “नाहीतरी तो चहा म्हणजे नुसतं गरम पाणीच!” सभागृह खळखळून हसले, आणि एकेक करत हात वर झाले. दुकान जवळच होते. गवई सूर जुळवत होते, तोवर कोरी कॅसेट आली.

काकांचा मात्र चेहरा उतरला. “अगं, चहाशिवाय घसा कोरडा पडेल माझा.”

“गायचंय त्यांना, काका. तुम्हाला नाही.”

तेव्हापासून दाराशी पाटी लागू लागली, ‘आज चहा नाही, चित्रण आहे.’ नेम म्हणजे नेम. कडाक्याच्या थंडीतही तो कोणी मोडला नाही. पुन्हा एकही संध्याकाळ पुसली गेली नाही.

पण मित्रांनो, टिपायला सगळे धावले, जपायचे कोणाच्या ध्यानातच आले नाही. आम्हाला जिन्याखालच्या लोखंडी कपाटात रचून ठेवले. भिंतीला ओल होती. माझ्या फितीवर पांढरी बुरशी चढली. आम्हाला दाखवणारी यंत्रे बाजारातून नाहीशी झाली. इकडे मावशीची बोटे आखडली, व्हायोलिन खोक्यात गेले. एकदा ती भाचीला म्हणाली, “मी वाजवायचे, ते खरं का गं? आता माझं मलाच खरं वाटत नाही.”

दुसऱ्याच दिवशी भाचीने कपाट उघडले. फीत साफ करून संगणकावर उतरवून देणारा एक कारागीर होता, पण खर्च मोठा. ती एका धनवान गृहस्थांकडे गेली. काठी टेकत काकाही गेले.

गृहस्थ म्हणाले, “नव्या कार्यक्रमांसाठी तीन कॅमेरे देतो. वर माझं नाव झळकू दे. या जुन्या कचऱ्यात कशाला पैसा घालू?”

“मग नवंही नको, साहेब,” भाची म्हणाली. “जपायची सोय नसेल तर टिपायचं कशाला? आणखी एक कपाट कुजवायला?”

बाहेर आल्यावर काका आता रागावणार, असे तिला वाटले. काका म्हणाले, “मंचावरची फुलं बंद कर. लोक ऐकायला येतात, हुंगायला नाही. दिवेही कमी लाव.”

“अंधारात चित्रण कसं होणार, काका?”

“बरं बरं. दिवे असू देत.”

फुलांचे पैसे साठत गेले. कारागिराने माझी बुरशी हलक्या हाताने पुसली. काही ठिकाणी चित्र उड्या मारते, पण आवाज शाबूत निघाला. त्याच्या दोन प्रती करून दोन वेगळ्या जागी ठेवल्या.

मग मावशीला पडद्यासमोर बसवले. मांडीवर तिची आखडलेली बोटे हळूहळू हलू लागली. एकदम ती म्हणाली, “थांबव. मागे घे. इथे गज घाईने ओढलाय.”

“मावशी, इतक्या वर्षांनी चूक कसली काढतेस?”

“का नको काढू? वाजवलंय मीच ना!”

मित्रांनो, तुम्हीही गाणी टिपता, खेळ टिपता, आजीआजोबांचे बोलणे टिपता. टिपाल ते जपा, आणि जपण्यासाठी आपल्यातले थोडे आधी बाजूला काढा. जिन्याखाली माझ्या बहिणी अजून वाट पाहत आहेत. शेवटची साफ होऊन बाहेर येईपर्यंत मंचावर एकही फूल चढणार नाही, असे भाचीने ठरवले आहे.