उपड्या टोपावर हाक

देवगडच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्याच्या माथ्यावर मच्छीमारांच्या सोसायटीची एक खोली आहे. खाली बर्फ फुटत असतो आणि वर संचिता बसते. तिच्या पडद्यावर होड्यांची नावं असतात, आणि एका नावाकडून दुसऱ्या नावाकडे निरोप चालत असतात. भिंतीवरच्या मुंग्या वाटेत तोंडाला तोंड लावून काहीतरी सांगतात आणि पुढे जातात ना, तसे.

दीपस्तंभ दिसेनासा झाला की मोबाइल मुका होतो. त्याच्या पलीकडच्या दर्यासाठी संचिताने ही सोय केली होती. प्रत्येक होडीच्या केबिनवर जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र, आणि त्यात तिने लिहिलेला प्रोग्रॅम. सगळं बंदर त्याला निरोप्या म्हणायचं. निरोप्याचं काम साधं. आलेले निरोप रांगेत उभे करायचे, वादळवाऱ्याचा पुढे, बाजारभावाचा मागे. दुसरी होडी टप्प्यात आली की तिच्या निरोप्याला हाक मारायची आणि पहिला निरोप त्याच्या हाती द्यायचा. तिकडून ‘व्हय’ आलं तरच तो आपल्या रांगेतून काढायचा. नाही आलं, तर थोडं थांबून पुन्हा हाक. तरी नाही आलं, तर आणखी थोडं थांबून पुन्हा. दर हाकेला डबा टुंग करून वाजायचा.

हे सगळं ती कॉलेजात शिकली हे खरं. पण उमगलं होतं त्याच्या कितीतरी आधी, बापाच्या खांद्यावर बसून. जत्रेला देवळात गाऱ्हाणं चालायचं. गावकर देवापुढे एकेक मागणं घालायचा आणि दर मागण्याला सारा गाव एका तोंडाने म्हणायचा, “व्हय म्हाराजा.” एके वर्षी पोरांच्या दंग्यात ते व्हय बारीक आलं. गावकर थांबला. त्याने तेच मागणं पुन्हा पहिल्यापासून घातलं, आणि देवळाचे खांब थरथरतील असं व्हय आल्यावरच पुढे सरकला. खांद्यावरच्या पोरीच्या अंगावर तेव्हा काटा आला होता. पुढे प्रोग्रॅम लिहिताना पोचपावतीला कुठला शब्द ठेवावा, याचा तिला विचारच करावा लागला नाही.

त्या दिवशी दुपारी आभाळ निरभ्र होतं, पाणी तेल ओतल्यासारखं गप्प. आणि सूचना आली की बाहेरच्या दर्यात वारा फिरतोय, रात्रीपर्यंत सगळ्या होड्या आत घ्या. संचिताने निरोप सोडला. जवळच्या होड्यांनी लगेच व्हय म्हटलं. मग त्यांच्यापलीकडच्या. नावापुढे नाव हिरवं होत गेलं, दिवाळीत एका पणतीने दुसरी लावावी तसं. शेवटी एकच नाव काळं उरलं. ते तिच्या बापाच्या होडीचं होतं. हरिश्चंद्र त्या होडीचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या, सगळ्यांत लांब जाणारा. त्याच्या जागेवर दुसरी होडी फिरकलेली त्याला खपत नसे.

त्याच्यापर्यंतची वाट एकच होती. बंदराकडून भिकाजीची होडी, तिच्याकडून परशुरामाची, आणि परशुरामाकडून हरिश्चंद्राची. नेमकी तीच. गेल्या हंगामात जाळ्यात जाळं अडकलं आणि परशुरामाने कोयत्याने हरिश्चंद्राचं जाळं तोडून आपलं सोडवलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. देवळातसुद्धा दोघे दोन टोकांच्या खांबांना टेकून उभे राहायचे.

काशीबाई, संचिताची आई, बाजारातून रिकामी पाटी घेऊन थेट वर आली आणि दारातच बसली. बंदरात बातमी पसरायला प्रोग्रॅम लागत नाही.

“निरोप खंय पोचलो गो?” तिने विचारलं.

“परशुरामकाकाच्या होडयेर. थयसून फुडे जायना. बाबांचो डबो जवाबच देयना.”

काशीबाई पाटीच्या काठावरून बोट फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, “घरातलो भाताचो मोठो टोप न्हेल्यानी सकाळी. म्हटल्यानी, डब्यार उपडो घालतंय, म्हणजे त्या परश्याक माझी जागा कळूची नाय.”

संचिताने कपाळाला हात लावला. डबा कुणाचीच जागा सांगत नाही, हे तिने बापाला जेवताना, झोपताना, जाळं विणताना सांगितलं होतं. तो मान डोलवायचा. आणि आता एवढा जाड अल्युमिनियमचा टोप घालून त्याने आपल्या होडीचे कान बंद केले होते. वारा फिरत होता आणि त्याला ते सांगणारा निरोप त्याच्यापासून निरोप्याच्या हाकेच्या टप्प्यात, वैऱ्याच्या केबिनवर उभा होता.

“मगे तो निरोप्या आता काय करता? टोपाक हाक मारता?”

“व्हय. मारीत रवतलो.”

“किती येळ?”

“तिकडसून व्हय येयसर.”

काशीबाईने पडद्यावरच्या त्या काळ्या नावाकडे पाहिलं आणि गाभाऱ्याकडे बघताना होतात तसे तिचे डोळे झाले. लिहिता-वाचता तिला बेताचं येई. पण कुणीतरी दूर दर्यात, न रागावता, न दमता, आपल्या घरधन्याच्या नावाने हाक देतंय, हे तिला कळलं. ती पुटपुटू लागली, जात्यावर बसल्यासारखी डुलत:

वाऱ्या माझ्या बंधवा, एवढो निरोप ने
दर्यातल्या धन्याक म्हण, भात निवलो, ये

मग भिकाजीची होडी आत आली. ती यायलाच हवी होती. पण ती आत आली आणि साखळीची मधली कडी निखळली. आता पलीकडे काय चाललंय ते कळायला वाट नव्हती. परशुरामही वळला असेल, असं धक्क्यावरचे लोक म्हणाले. आणि का वळू नये? वारा त्याच्याही डोक्यावर होता. संचिताला माहीत होतं, की तिचा निरोप्या हाक मारू शकतो, पण होडी थांबवू शकत नाही. सुकाणू माणसाच्या हातात.

पाणी सोनेरी झालं, मग तांबडं. माडांची टोकं एका बाजूला झुकू लागली. एकेक होडी येऊन दोर टाकत होती आणि माणसं वर खिडकीकडे बघून नजर खाली वळवत होती. संचिताच्या हाताला करायला काही उरलं नव्हतं. तिने आईची पाटी मांडीवर घेतली आणि तशीच बसून राहिली.

दिवेलागणीला पडद्यावर एक शब्द आला.

व्हय.

काळं नाव हिरवं झालं. तो शब्द बापाच्या डब्यातून निघून परशुरामाच्या डब्यात आला होता आणि परशुरामाची होडी बंदराच्या टप्प्यात येईपर्यंत तिथे आपल्या पाळीची वाट बघत उभा राहिला होता. दोघी खिडकीशी गेल्या. दर्यात एक दिवा दिसत होता, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा.

काय झालं ते धक्क्यावर कळलं. हरिश्चंद्राला सुरमय अशी लागली होती, की खलाशांनी खुशीत कालवणाचा बेत केला. होडीतलं भांडं पुरेना. तांडेल डुलकी घेत होता, तेवढ्यात कुणीतरी केबिनवरचा टोप उचलला. टोप उचलला मात्र, डबा बोलू लागला.

आणि परशुराम? तो त्या टप्प्यातच फिरत राहिला होता, इंजीन मंद करून, वारा अंगावर घेत. संचिताने त्याला विचारलं, काका, तुम्ही का थांबलात. तो दोर गुंडाळत होता. वर न बघता म्हणाला,

“माका थांबूचा नाय होता. पोरां म्हणी, डबो बंद करा, कान किटले. पण तो हाक मारी, गप रवी, परत मारी. गाऱ्हाणा अर्ध्यार टाकून देवळातसून कोण घराक जाता?”

थांब, पुन्हा हाक मार, एवढंच तिने लिहिलं होतं. परशुरामकाकाला थांबवणारी ओळ तिने कुठेच लिहिली नव्हती. तिच्या अंगावर तोच काटा आला, खांद्यावरच्या पोरीच्या अंगावर आलेला.

वारा आता धक्क्यावर येऊन पोचला होता. होड्या एकमेकींना घासून कुरकुरत होत्या. हरिश्चंद्र टोप दोन्ही हातांनी धरून उतरला, आत कालवण डुचमळत होतं. काशीबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग टोपाकडे. तो परशुरामाच्या होडीपाशी थांबला. नजर दर्याकडेच.

“टोप मोठो आसा,” तो म्हणाला. “आमका सरूचा नाय.”

परशुराम दोर गुंडाळत राहिला. वाऱ्याने ऐकू गेलं नसेल असं सगळ्यांना वाटलं. हरिश्चंद्र थोडा थांबला. मग त्याने तेच पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून.

“व्हय,” परशुराम म्हणाला, आणि दोर खाली ठेवून धक्क्यावर चढला.