पहिल्या फेरीचं सोडियम

ताईचा माझ्यात दुहेरी फायदा होता. मी चांगली निघाले, तर प्रयोगशाळेतली तिची तात्पुरती जागा कायम होणार होती, आणि तिच्या मामाच्या दुधाच्या तीनचाकीला सोडियमची स्वस्त बॅटरी मिळणार होती. माझा फायदा कोणी विचारला नाही. काळ्या चकतीला कोण विचारतो!

मित्रांनो, आता मी जुनी झाले. मूळची मी सुताराकडचा भुसा. ताईने मला धुतलं, हवा न लागू देता भट्टीत भाजलं, कुटून पूड केली, पातळ पत्र्यावर लेप दिला आणि बटणाएवढ्या सेलमध्ये बंद केलं. हार्ड कार्बन म्हणतात मला. काम सोपं: सेल भरताना सोडियम पोटात घ्यायचं, वापरताना परत द्यायचं. असं एकदा घेऊन दिलं की एक फेरी.

चाचणीत माझ्यासमोर सोडियमचा अख्खा तुकडा होता. आजोळी आलेल्या नातवाचे घास कोणी मोजत नाही, तसं माझं झालं. पहिल्याच फेरीत मी भरपूर घेतलं आणि त्यातलं पाव परत दिलंच नाही. ते माझ्या उघड्या भोकांत कायमचं अडकलं. पुढे मात्र घेतलेलं सगळं इमानाने परत केलं.

"सर, पहिल्या फेरीत पाव भाग जातोय," ताई म्हणाली. "भट्टी आणखी तापवली तर भोकांची तोंडं मिटतील. पण वेळ लागेल."

"अगं, आलेख दुसऱ्या फेरीपासून काढ. पहिलीला कोण विचारतंय?"

ताईने तसाच काढला. माझ्या नावाने टाळ्या वाजल्या. ती कायम झाली.

मग माझ्याच पुडीच्या मोठ्या बॅटऱ्या झाल्या; एक मामाच्या तीनचाकीत बसली. त्यांत सोडियम मोजूनमापून घातलेलं. पाव भाग पहिल्याच दिवशी गिळला गेला. तो भरून कुठून येणार?

एके दुपारी मामा आला.

"तुझी बॅटरी झकास आहे हो! आमची गाडीच जड. दोन कॅन कमी केले, तरी चढावर बसते."

"मग?"

"मग काय, मी पुढून ओढतो, मामी मागून ढकलते. म्हणते, भाचीची बॅटरी आहे, नावं ठेवायची नाहीत."

सर जाता जाता थांबले. "काय मामा, खूश ना?"

"खूश म्हणजे! छाती फुगते."

ताईचा चेहरा माझ्याइतका काळा पडला. "मामा, गाडीत खोट नाही. बॅटरीच कमी भरते. मला माहीत होतं."

मामा हसला. "पुरे गं. माहीत असतं तर दिली असतीस का?"



दुसऱ्या दिवसापासून ताईने भट्टी जास्त तापवायला घेतली. पुडीचे कित्येक घाणे वाया गेले. शेवटी माझ्या धाकट्या बहिणी घेतलेलं जवळजवळ सगळं परत देऊ लागल्या. आता तिचा आलेख पहिल्या फेरीपासून निघतो. पहिला ठिपका जरा खाली दिसतो म्हणून चार जण नाक मुरडतात, तरी निघतो.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना हवा तेवढा दोष द्या, पण आम्हाला पहिल्या घासापासून मोजा. सरांना मान मिळाला, ताईला नोकरी. मामाची गाडी नव्या बॅटरीवर चढ चढते. गाडी ढकलून कंबर गेलेली मामी मात्र अंथरुणातून उठताना भिंत धरते. सोडियमचं नावही तिने कधी ऐकलेलं नाही.