ठरावाला एक दुरुस्ती

माणूस गेला की त्याच्याबद्दलचं बोलणं गोड होतं, ही जगाची रीत. जिवंतपणी ज्याला लांबून बघून लोक वाट बदलायचे, त्याच्याबद्दल मेल्यावर म्हणतात, "लाखात एक होता हो!" मिस्त्रींचंही तेच झालं.

मिस्त्री म्हणजे नळाची कामं करणारे. चर्चच्या कमिटीवर ते इतकी वर्षं होते की त्यांच्या खुर्चीवर चुकूनही कुणी बसत नसे. ती खुर्ची आता त्यांच्या बायकोकडे आली होती. कमिटीचा नियमच तसा होता. मुदत संपायच्या आत कुणी वारलं, तर उरलेल्या मुदतीपुरतं त्याच्या घरचं माणूस घ्यायचं. पाळकसाहेब घरी येऊन विचारून गेले, आणि वहिनी 'हो' म्हणाल्या. मंडळीत त्यांना सगळे वहिनीच म्हणत. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, पाळकसाहेबांनी समजूत घातली असती, पुन्हा चहा टाकावा लागला असता. 'हो' म्हटलं की विषय मिटतो.

मिस्त्री जाऊन दोन महिने होत आले होते, आणि वहिनींच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. दफनाच्या वेळी नाही, नंतरही नाही. त्या चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. सुट्टी संपल्यावर गेल्या आणि पुन्हा काचा घासून फ्रेममध्ये बसवू लागल्या. हात कापला नाही, काच तडकली नाही. नणंद येऊन म्हणायची, "वहिनी, एकदा रडून घ्या हो. असं पोटात ठेवलंत तर आजारी पडाल." पण पोटात काही ठेवलेलंच नव्हतं, हे कुणाला सांगणार? जेवायचं म्हणून जेवायच्या, झोपायचं म्हणून पडायच्या. कूस बदलताना एक भीती तेवढी वाटायची. इतक्या वर्षांच्या संसारात आपलं या माणसावर प्रेमच नव्हतं की काय?

सभा रविवारी, उपासनेनंतर, मागच्या खोलीत होती. लांब टेबल, भिंतीला खुंट्यांवर गायनमंडळाचे झगे, आणि कडी न लागणारी एक खिडकी. वहिनी या खोलीत याआधी कधी बसल्या नव्हत्या, पण खोली त्यांना पाठ होती. मिस्त्री प्रत्येक सभेवरून घरी आले की बूट काढायच्या आधी सुरू व्हायचे. "अगं, त्या खिडकीतून वारा थेट मानेवर येतो. खुर्चीचा पाय लंगडा, मी मिस्त्री आहे, सुतार नव्हे! चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. सेक्रेटरी आम्हाला तिसरीतली पोरं समजून वाचतो. आणि तो ऑर्गनवाला! गाणं वाजवतो की दळण दळतो, देव जाणे!" वहिनी भाजी चिरत 'हं, हं' करायच्या. "मग जाऊ नका ना," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या, तेव्हा बायकोला वेडच लागलंय अशा नजरेने मिस्त्री त्यांच्याकडे बघत राहिले. "न जाऊन कसं चालेल?"

वहिनी बसल्या तशी खुर्ची एका बाजूला कलली. मानेवर वारा आला. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, सगळे 'आमेन' म्हणाले, त्याही म्हणाल्या.

आता या कमिटीत एक जुना प्रघात होता. नवा सभासद आला की त्या सभेतल्या पहिल्या ठरावाला अनुमोदन त्यानेच द्यायचं. नव्या माणसाची भीड चेपावी, एवढाच हेतू. 'अनुमोदन' एवढा एक शब्द बोलायचा, बस. आणि दुसरा प्रघात असा की कुणी वारलं असेल, तर पहिला ठराव दुखवट्याचा. दोन्ही प्रघात चांगलेच होते. पण दोन्ही एकाच दिवशी, एकाच बाईवर येऊन पडतील, हे सेक्रेटरींच्या डोक्यात आलं नाही. ते निवृत्त शिक्षक. विषयपत्रिका त्यांनी नेहमीसारखी लिहून काढली आणि नेहमीसारखे चष्मा सावरून उभे राहिले.

"ठराव पहिला," त्यांनी सावकाश वाचायला घेतलं. "आपल्या मंडळीचे ज्येष्ठ सभासद प्रभूमध्ये निद्रिस्त झाले, याबद्दल ही सभा तीव्र दुःख व्यक्त करते. ते शांत, मितभाषी आणि सदा हसतमुख होते. अनेक वर्षांच्या सेवेत त्यांच्या तोंडून तक्रारीचा एक शब्दही कधी निघाला नाही. सूचक, पाळकसाहेब. अनुमोदक..."

इथे सेक्रेटरींची जीभ अडखळली. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग वहिनींकडे. पाळकसाहेबांच्या लक्षात आलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "अरेरे... वहिनी, माफ करा. दुसरं कुणी..."

"नाही, मी देते," वहिनी म्हणाल्या. सरळ, कोरड्या आवाजात. तोंडही उघडलं होतं. पण शब्द बाहेर येईना. वहिनी त्या ठरावातल्या माणसाला शोधत होत्या. शांत? मितभाषी? सदा हसतमुख? कोण हा? दोन महिने जो येईल तो याच माणसाबद्दल सांगत होता, हात हातात घेऊन, डोळे पुसत. या माणसाला त्या ओळखतच नव्हत्या. अनोळखी माणसासाठी रडू यायचं कुठून?

"मला एक दुरुस्ती सुचवायची आहे," त्या म्हणाल्या.

दुखवट्याच्या ठरावाला दुरुस्ती आजवर कुणी सुचवली नव्हती.

"बोला ना वहिनी," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

"तक्रारीचा शब्द निघाला नाही, ते काढा. ते तक्रार करायचे. दर सभेनंतर करायचे, घरी येऊन, बूट पायात असतानाच. या खुर्चीची, खिडकीची, चहाची. तुमच्या वाचण्याची सुद्धा, मास्तर. असं लिहा की ते सतत कुरकुर करायचे, आणि तरी एकही सभा त्यांनी चुकवली नाही."

सेक्रेटरींनी पेनाचं टोपण काढलं. "नियमाप्रमाणे दुरुस्तीलाही अनुमोदन लागतं," ते म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांनाच ओशाळं वाटलं. मेलेला माणूस कटकट्या होता, याला चर्चमध्ये बसून हात कोण वर करणार? जो तो टेबलाकडे बघू लागला. वहिनींना वाटलं, झालं, आता तो हसतमुख माणूसच कायमचा कागदावर जाणार.

"माझं अनुमोदन," टेबलाच्या टोकाकडून आवाज आला.

ऑर्गनवाले होते. अंगाने वाळकुडे, बोलायला कंजूस. "मला तर ते दर रविवारी दारात गाठायचे," ते म्हणाले. "म्हणायचे, अहो, जरा हात उचला. मागच्या बाकावर सगळी म्हातारी माणसं आहेत, शेवटच्या कडव्यापर्यंत टिकायची नाहीत. वीस वर्षं ऐकलं मी. एकदाही भीक घातली नाही."

कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"दफनाच्या दिवशी मात्र वाजवलं," ऑर्गनवाले खाली बघत म्हणाले. "जरा पळवलं गाणं. त्यांच्यासाठी. कुणाच्या लक्षात आलं नाही."

वहिनींच्याही आलं नव्हतं. त्या दिवशी त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. "कसं वाजवलंत?" त्यांनी विचारलं.

ऑर्गनवाल्यांनी आधी बोटांनी टेबलावर ठेका धरला, नेहमीचा, संथ. मग तोच थोडा भरभर. नळ बसवताना मिस्त्री तेच गाणं असंच भरभर गुणगुणायचे, पान्याच्या ठोक्यावर, आणि मधेच थांबून तो नळ आधी बसवणाऱ्या मिस्त्रीला शिव्या घालायचे.

वहिनींनी कान देऊन ऐकलं.

"तरी रेंगाळलंच," त्या म्हणाल्या.

आपण काय बोललो ते त्यांना बोलून झाल्यावर कळलं. हुबेहूब मिस्त्री. तोच सूर, तीच नाकातली कुरकुर. ऑर्गनवाल्यांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. आणि वहिनींच्या छातीतून जो हुंदका आला, तो त्यांना आवरेना. टेबलावर डोकं टेकून त्या लहान पोरीसारख्या रडू लागल्या. लंगडी खुर्ची त्यांच्याबरोबर खडखड हलत होती. "मेला, नुसती कटकट, नुसती कटकट," त्या म्हणत होत्या, "आणि आता कोण करणार?"

कुणी गप्प करायला आलं नाही, तेवढं शहाणपण त्या खोलीत होतं. पाळकबाईंनी चहाचा पेला आणून पुढे ठेवला आणि बाजूला झाल्या.

बऱ्याच वेळाने वहिनींनी पदराने तोंड पुसलं. सेक्रेटरी अजून उभेच होते. त्यांनी दुरुस्त केलेला ठराव पुन्हा वाचला, या वेळी भराभर, आणि अडखळत. शेवटी म्हणाले, "अनुमोदक?"

वहिनींनी चहाचा एक घोट घेतला. पाणीच होतं. त्यांनी पेला खाली ठेवला आणि हात वर केला.

"अनुमोदन," त्या म्हणाल्या.