उशिरा येणारा उजेड

मी दिवा बोलतोय. आवाज जरा उशिरा पोचला तर चिडू नका, माझा पिंडच तसा आहे. काचेची एक लहानशी चकती, तिच्यावर केसाहून कितीतरी पातळ पिवळा थर, वर काचेचं झाकण. एवढाच माझा देह.

जन्म मारझोडीतच झाला. तांब्याच्या कणाला दोन दांडगट रेणूंनी दोन्हीकडून आवळलं. "घट्ट धरा रे, वाकू देऊ नका त्याला," असं माझी आई काचेच्या नळीला बजावत होती. आई म्हणजे प्रयोगशाळेतली संशोधक. घरी तिचं रांगतं बाळ, इथे आम्ही. आणि दोन्हीकडे आपलंच काहीतरी चुकतंय, याची तिला पक्की खात्री. मग निर्वात पेटीत मला वाफ होईस्तोवर भाजलं आणि गार काचेवर आपटलं.

पुढे वीज. तिचे तडाखे बसले की माझे कण उसळतात. चारांतला एक लगेच उजेड टाकून मोकळा होतो. उरलेले तिघे खड्ड्यात कोसळतात. बहुतेक पदार्थांचे तिघे तिथेच मरतात. माझा खड्डा उथळ. खोलीतली साधी ऊब मिळाली, की माझे तिघे धडपडत वर येतात आणि उजळतात. फक्त थोडा वेळ लागतो, पापणी लवण्याहूनही कितीतरी कमी.

तपासणीच्या दिवशी प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, म्हणजे सरांनी, आम्हा चार भावंडांना, एकाच घाण्यातल्या चकत्यांना, यंत्राखाली विजेचा एकेक झटका दिला. प्रत्येकाचा उजेड अपेक्षेच्या पाव भरला.

"तांब्यात दम नाही, बाई. हे काम आज बंद. तुमचं तरी लक्ष कुठे असतं? पाळण्यात!"

"पण सर, नुसत्या डोळ्यांना तर लख्ख दिसतोय."

"मग डोळ्यांचाच निबंध छापा."

नापास नमुना पुन्हा कुणी चुकून मोजू नये म्हणून तो फोडून टाकायचा, ही सरांची शिस्त. त्यांनी हातोडी घेतली. पहिल्या भावाच्या ठिकऱ्या उडाल्या. दुसऱ्याचा भुगा झाला. प्रत्येक घावाला आई दचकत होती. "माझंच चुकलं असेल," ती पुटपुटली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सासूबाई.

"घाबरू नकोस हं, पण तो पलंगावरून पडला. आधी एकदम चिडीचूप. माझं तर काळीजच थांबलं. मग असं भोकाड पसरलंय म्हणतेस! ऐक, ऐक."

फोनमधून रडं फुटलं. इकडे तिसरा फुटला. माझ्यावर हातोडी उगारली गेली.

"सर, थांबा!"

घाव निघाला होता. तिने तळहात मध्ये घातला. हातोडी तिच्या बोटांवर बसली, खाली माझा कोपरा तडकला. रक्त काचेवरून ओघळलं.

"वेड लागलंय का तुम्हाला?" सर किंचाळले.

"यंत्र झटक्यानंतर किती वेळ बघतं?"

"जुन्या पदार्थांना पुरायचा तेवढा. ते झटपट उजळतात."

"म्हणजे हा रडायच्या आत आपण दार लावून घेतो, सर! आणि म्हणतो, गेला."

तडकलेल्या कोपऱ्यातून हवा आत शिरत होती. हवेतला प्राणवायू तुमचा असेल, माझा तो खुनी. खड्ड्यातून चढणाऱ्यांना तो वाटेतच गाठतो. काठाला काळे डाग पडू लागले. आईने दुखरा हात पदरात गुंडाळला आणि दुसऱ्याने यंत्राची वेळ वाढवली. झटका बसला. एक उजळला. मग शांतता. मग उरलेले तिघे, धापा टाकत, एकामागून एक.

पडद्यावरची रेघ वर चढली आणि चढतच राहिली.

सर टेबलावरच्या ठिकऱ्या गोळा करू लागले. "बाकीचे..."

"बाकीचे तुम्ही फोडलेत," आई म्हणाली. मग घाईघाईने फोनमध्ये सासूबाईंना, "आई, डोक्याला टेंगूळ आलंय का? उलटी झाली? निघालेच मी." दारातून ती परत वळली. "उद्या नवे करायला घेते, सर. तोवर हातोडी कपाटात राहू दे."

आता मी टेबलावर पडून आहे. डाग मधोमध आलेत, थोडाच उरलोय. एवढंच मागतो: मार खाऊन कुणी गप्प पडलं, तर लगेच गेलं म्हणू नका. दार जरा उघडं ठेवा. आतून कुणीतरी चढत असेल.