असली प्रत

किल्लारीच्या भूकंपाला अजून वर्ष झालं नव्हतं. शहरातले लोक घरातल्या जुन्या भेगांकडंही नव्यानं बघत होते. त्या उन्हाळ्यात सोनाजी हर्सूल रोडवरचं नवं मंगल कार्यालय तपासायला गेला. खुलताबादच्या डोंगरात मेंढरं राखणाऱ्या घरातला तो पहिला इंजिनिअर. बांधून झालेल्या इमारती बघायच्या आणि वापराचा दाखला द्यायचा की नाही ते ठरवायचं, हे त्याचं काम.

कार्यालय आप्पासाहेबांचं. फरशी चकचकीत, दालन मोठं, आणि बायकांना बसायला वर लांबलचक गॅलरी. तिच्याखाली एकही खांब नव्हता. सोनाजी तिच्या टोकाला गेला आणि टाचांवर जोर देऊन हलला. तो थांबला, तरी पायाखाली काहीतरी हलत राहिलं. गॅलरी भिंतीला मिळते तिथं, रंगाखाली, केसासारखी रेघ दिसत होती.

"हिच्यावर वजन किती धरलं?" त्यानं विचारलं.

आप्पासाहेबांचा इंजिनिअर बद्रीनाथ यानं पिशवीतून कोडबुक काढलं. बांधकामाच्या नियमांचं ते पुस्तक म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स होती. कॉलेजात सगळ्यांनी तीच वापरलेली, सोनाजीनंही. बद्रीनाथनं तक्त्यातल्या एका आकड्यावर बोट ठेवलं. सोनाजीला वाटलं, हा आकडा राहत्या घराच्या गॅलरीचा आहे. गर्दीच्या जागेची ओळ त्याच्या खाली असायला हवी. पण नेमकं तिथंच पान कापलं गेलं होतं.

"पुस्तकात नाय ते मी कुठून आणू?" बद्रीनाथ म्हणाला.

सोनाजी तिथून थेट औरंगपुऱ्यात रामकिसनच्या पुस्तकांच्या दुकानात गेला.

"असली प्रत पाहिजे. सरकारी छापाची, नव्या आवृत्तीची."

"साहेब, असली कुणी मागतच नाय," रामकिसन म्हणाला. "मुंबईहून मागवावी लागंल. झेरॉक्स आत्ता देतो."

"झेरॉक्स माझ्याकडं हाय."

पार्सल आलं तेव्हा रामकिसननं ते गल्ल्याखालून काढलं आणि रस्त्याकडं बघत त्याच्या हातात दिलं.

"आप्पासाहेबांचा माणूस येऊन गेला. तुमचं पुस्तक आलं का, विचारत होता. मी नाय म्हणलो. पण तुम्ही मागवलंय हे त्याला कळलं कसं? मी कुणापाशी बोललो नाय."

सोनाजीही कुणापाशी बोलला नव्हता. त्यानं उभ्या उभ्याच पुस्तक उघडलं. पान पूर्ण होतं. गर्दीच्या जागेला घरापेक्षा कितीतरी जास्त वजन धरायचं होतं.

त्यानं दाखला नाकारला. धमकी येईल, नाहीतर पाकीट येईल, असं त्याला वाटलं होतं. दोन्हीतलं काही आलं नाही. आप्पासाहेबांनी त्याला बोलावून चहा पाजला.

"तुमचं बरोबर असंल, सोनाजीराव. नियम म्हणजे नियम." मग बशी खाली ठेवत ते म्हणाले, "बहिणीचं लग्न जमलं म्हणं? फर्दापूरला दिली ना?"

सोनाजीनं अर्धा चहा तसाच ठेवला.

आठवडाभरात वराचे वडील सांडू हसत घरी आले. "कार्यालय फुकट मिळालं. आप्पासाहेबांनी स्वतः निरोप धाडला. म्हणले, सोनाजीराव आमच्या घरचेच."

"त्या जागेला दाखला नाय, मामा."

"मिळाला की. दुसऱ्या साहेबानं दिला."

"तिथं लग्न नको. गॅलरी धोक्याची हाय."

सांडूंचं हसू मावळलं. "पत्रिका वाटून झाल्यात. तुमच्या मनात सोयरीक मोडायची असंल तर तसं सांगा."

आतल्या दाराशी बहीण उभी होती. सोनाजीनं तिच्याकडं बघितलं आणि आत चहा सांगितला.

पाहुणे गेल्यावर त्यानं आईपुढं पुस्तक उघडलं. म्हाळसाबाईंनी ते हातानं बाजूला सारलं.

"मला वाचता येत नाय. पडंल का, ते सांग."

"आज पडंल, नायतर पाच वर्षांनी. वर गर्दी झाली, बाया एका बाजूला सरकल्या, की भरवसा नाय."

म्हाळसाबाई उठल्या आणि लग्नाची भांडी मोजायला लागल्या.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड उतरलं, वाजंत्री सुरू झाली. गॅलरीच्या जिन्याजवळ कालवा ऐकून सोनाजी धावत गेला. म्हाळसाबाई खालच्या पायरीवर ऐसपैस बसल्या होत्या. पुढं बायकांचा घोळका ताटकळत होता.

"सरका की विहीणबाई, जागा धरायचीय," एकजण म्हणाली.

"खाली बसा. वर नाय जायचं."

"का?"

"माझं लेकरू नको म्हणतंय."

सांडू रागानं लाल झाले होते. तेवढ्यात आप्पासाहेब आले, सोबत पत्नी द्वारकाबाई, सुना आणि नाती. म्हाळसाबाईंनी पदर सावरला आणि अंग चोरून जिन्यात वाट केली.

"आप्पासाहेब, आधी तुमच्या मालकीणबाई वर जाऊ द्या. मग आम्ही बी जातो."

द्वारकाबाईंनी पायरीवर पाय ठेवला. आप्पासाहेबांनी वर बघितलं.

"द्वारका, खालीच बस," ते हलक्या आवाजात म्हणाले. "वर उकडतं."

वर सगळे पंखे गरगर फिरत होते. सांडूंनी एकदा पंख्यांकडं पाहिलं, एकदा आप्पासाहेबांकडं, आणि बायकांना खाली सतरंजीवर बसायला सांगितलं. बद्रीनाथची चूक असेल, अडाणीपणा असेल, अशी सोनाजीनं आतापर्यंत स्वतःची समजूत घातली होती. आप्पासाहेबांना सगळं माहीत होतं. माहीत असूनच त्यांनी त्याच्या बहिणीला इथं आणलं होतं.

लग्न पार पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेक राहिलेली भांडी न्यायला आले, तर दुसरं वऱ्हाड उतरत होतं. नटलेल्या बाया हसत जिन्याकडं निघाल्या होत्या. म्हाळसाबाईंनी हातातली परात खाली ठेवली आणि त्याच पायरीवर जाऊन बसल्या.

"माय, ही आपली माणसं नायत," सोनाजी म्हणाला.

"बस तू बी."

तो बसला. नवरीचे वडील तावातावानं आले, तेव्हा त्यानं आपलं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला आणि भिंतीतली रेघ दाखवली. तिच्याखाली ओंजळभर चुना गळून पडला होता. त्यांनी तो पायानं सारला, वर पाहिलं आणि बायकांना मागं बोलावलं. पहारेकरी फोन करायला धावला. थोड्या वेळानं फाटकातून आप्पासाहेबांची पांढरी जीप आत वळली. सोनाजी उठला नाही.

नवरीच्या वडिलांनी त्याच दिवशी तक्रार दिली आणि पावसाळ्याआधी गॅलरीला कुलूप लागलं. सोनाजीची बदली त्याच्याही आधी झाली. दिवाळीनंतर रामकिसनचं कार्ड आलं. कार्यालयाला नवा रंग दिलाय, असं त्यात होतं, आणि थंडीतल्या सगळ्या तारखा भरल्यात. कुलपाचं त्यानं काही लिहिलं नव्हतं.