डोळ्याचं औषध, कानाचं औषध

मित्रांनो, आज मला पाहिलंत तर तुम्ही कदाचित ओळखणार नाही. मी फळा आहे. जुना, लाकडी आणि खरं सांगायचं तर फार थकलेला.

मूळचा मी आलापल्लीकडच्या जंगलातला साग. अहेरीच्या पत्रू सुताराने माझ्या फळ्या जोडल्या, रंधा मारला, काळा रंग दिला. मग ट्रॅक्टरमध्ये खताच्या पोत्यांवर आडवा पडून मी या जंगलातल्या गावी आलो. उन्हाळ्याची सुट्टी संपली की मुलं कोळशाची पूड आणि भोपळ्याच्या पानांचा रस कालवून मला चोळत. तेवढा एक दिवस मी नव्यासारखा चमके. बाकीचे सगळे दिवस लिहून घ्यायचं आणि पुसून घ्यायचं.

माझ्यावर सगळ्यात जास्त लिहिलं ते सुरेंद्र गुरुजींनी. ते इंग्रजी शिकवत. गावातली मुलं घरी माडिया बोलत, शाळेत येऊन मराठी शिकत, आणि मराठी कुठे जिभेवर बसते न बसते तोच इंग्रजी समोर उभी राही. गुरुजींना एक नाद होता. सारखे दिसणारे शब्द ते शेजारी शेजारी लिहीत. डायरी आणि डेअरी. "डीच्या मागं आय आला तर वही, ए आला तर दुधाचा कारखाना," ते सांगत. डिझर्ट आणि डेझर्ट. दोन एस असले तर जेवणानंतरचं गोड, एक असला तर वाळवंट. समोर बसलेल्यांपैकी कोणीच वाळवंट पाहिलेलं नव्हतं आणि ते गोडही कोणी खाल्लेलं नव्हतं. तरी मुलं घोकत. पुढची तुकडी आली की पुन्हा डायरी, पुन्हा डेअरी. माझ्या रंगाचे पोपडे निघू लागले, गुरुजींच्या आवाजातला जोरही कमी झाला.

याच वर्गात सुकरी होती. हुशार, पण घाई फार. पहिलं अक्षर दिसलं की शब्द बोलून मोकळी होई. सातवीनंतर तिची शाळा सुटली. पुढे गावातल्याच वारलूशी तिचं लग्न झालं.

काही वर्षांनी वर्गात टीव्हीसारखा मोठा पडदा आला. त्या दिवशी सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला दोघांनी उचलून खिचडीच्या खोलीत नेलं. उंदीर येऊ नयेत म्हणून तांदळाच्या पोत्यांना माझा आडोसा केला. धुराने मी वेगळाच काळा झालो. वीज गेली की वर्गातला पडदा बंद पडे, पण मला कोणी आठवत नसे. वाईट वाटायचं, मित्रांनो. पुढे पुढे तेही वाटेनासं झालं.

मग एका दुपारी शाळा सुटल्यावर सुकरी आली. गुरुजी खिचडीच्या खोलीला कुलूप लावायला आले होते. ती दारातच उभी राहिली. हाताच्या मुठीत दोन लहान बाटल्या होत्या. मूठ उघडून तिने त्या पुढे केल्या.

"गुरुजी, याच्यात डोऱ्याची कोणती, न् कानाची कोणती?"

गुरुजींनी चष्मा वर सरकवला. "ही डोळ्याची. ही कानाची. काऊन, काय झालं?"

सुकरी खालीच बसली. मग तिने सांगितलं ते मीही ऐकलं. तिचे सासरे, म्हातारे इसरू, यांचं गडचिरोलीला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यात रोज थेंब टाकायचे होते. तळ्यात मासे धरून धरून वारलूचा कान वाहत होता, त्यालाही थेंब दिले होते. दोन्ही बाटल्या एवढ्या एवढ्याशा, पांढऱ्या, एकाच फळीवर ठेवलेल्या. घरात वाचता येणारी ती एकटी. तिने ई पाहिला, तीन अक्षरं पाहिली आणि कानाचं औषध म्हाताऱ्याच्या डोळ्यात टाकलं.

"मामाजी वरडले ना गुरुजी. 'डोरा जरून राह्यला वं सुनबाई,' म्हणे. मी घागर रिकामी केली त्याईच्या डोऱ्यावर. मंग जीप करून अहेरीले नेलं. डॉक्टर म्हणे, पाणी मारलं म्हणून वाचला. पण धुकं आहे अजून. पाह्यतात तर मोठी बाई का लहान पोरगी, समजत नाई त्याईले."



"मी शिकली ना तुमच्याजवळ," सुकरी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "दुधाची डेअरी शिकली, वाळवंट शिकली. हे काऊन नाई शिकवलं?"

"पुस्तकात नव्हतं," गुरुजी म्हणाले. मग स्वतःशीच मान हलवली. "आता मी रिटायर होऊन राह्यलो, बाई. थकलो."

"मी बी थकली," ती म्हणाली. "घरी कोणी औषधाले हात नाई लावत. मामाजीचा डोरा तसाच आहे. माहा बी धीर नाई होत."

गुरुजींनी कुलूप खाली ठेवलं. मग त्यांनी पोती बाजूला ओढली आणि मला बाहेर काढलं. सुकरीने दुसरं टोक धरलं. शाळेच्या ओट्यावर भिंतीला टेकवून त्यांनी मला पदराने, रुमालाने, जमेल तसं पुसलं. खडू माझ्यावर घसरत होता. काजळीवर तो उमटेचना. गुरुजींनी दाबून लिहिलं. एकाखाली एक. ई, वाय, ई म्हणजे डोळा. ई, ए, आर म्हणजे कान.

"दोघांचं तोंड सारखं आहे," ते म्हणाले. "तोंड पाहून नाही ओळखायचं. पुढं चालत जायचं."

पुढच्या बाजाराच्या दिवशी सुकरीबरोबर गावातली देवकाबाई आली, तिच्यामागून आणखी बायका. गुरुजींनी त्यांना सांगितलं होतं, घरात इंग्रजीत लिहिलेलं जे काही असेल ते घेऊन या. खोकल्याचं औषध आलं, मलमाची नळी आली. देवकाबाईने धानाच्या बियाण्याची, तळाशी थोडं उरलेली थैली आणली आणि शेजारणीने कोंबड्यांच्या खाद्याची. गुरुजींनी दोन्हीवरचे शब्द माझ्यावर उतरवले. फीड म्हणजे खाद्य, सीड म्हणजे बियाणं. फक्त पहिलं अक्षर वेगळं, एकात एफ, दुसऱ्यात एस.

"बियाण्याले विष चोपडलं राह्यते," देवकाबाई म्हणाली. "उरलेलं मी कोंबड्याईले टाकणार होती."

तिने एफवर बोट ठेवलं, मग एसवर. 

गुरुजी निवृत्त झाले तरी बाजाराच्या दिवशी येत राहिले. दमून येत, भिंतीला टेकून बसत, निम्मं काम सुकरीच करी. बायकांना अक्षरावर बोट ठेवायला लावी आणि स्वतःही ठेवी. मात्र घरी गेल्यावर सासऱ्यांच्या डोळ्यात औषध टाकायचं काम ती उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडेच सोपवी. नर्सबाई रोज येत नसत.

एक दिवस म्हातारे इसरूच काठी टेकत ओट्यावर आले. सगळ्या बायका सरकल्या. ते माझ्यासमोर बसले, सदऱ्याच्या खिशातून बाटली काढली आणि सुकरीपुढे धरली.

"वाच."

"मामाजी, नर्सबाई येतेच आहे..."

"तूच वाच."

सुकरीने बाटली घेतली.  तिने एकेका अक्षरावर नख ठेवलं. ई. वाय. मग थांबली, बाटली उजेडाकडे वळवली. ई.

"डोरा," ती म्हणाली.

इसरूंनी मान मागे टाकली आणि बोटांनी स्वतःची पापणी वर ओढून धरली. थेंब पडला. ते दचकले नाहीत. डोळा मिटून तसेच बसून राहिले आणि गालावर आलेलं पाणी सुकरीने पदराने टिपलं.

मित्रांनो, मला नवा रंग द्या असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात मला ओट्यावरून आत घेतलंत तरी पुष्कळ झालं. मागणं आहे ते दुसरंच. ज्यांना वाचता येत नाही अशी माणसं तुमच्या घरात असतील. ती तुमच्या हातात बाटली देतात आणि काही न विचारता डोळा उघडा धरतात. त्या उघड्या डोळ्यासाठी, थकला असाल तरी, नीट वाचा.