विसावं जुज

वीस गुणांच्या प्रश्नाला शून्य मिळालं, याचं बाइंडरबाईंना तितकंसं वाटलं नाही. शून्य म्हणजे शून्य, त्यात घासाघीस नसते. डोकं भडकलं ते समासातल्या लाल शेऱ्याने : 'मूळ संहिता वाचावी.'

मूळ संहिता! प्रश्न ज्या कादंबरीवर होता, ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं अख्ख्या वर्गात एकच माणूस होतं, आणि शेरा नेमका त्यालाच.

बाई दिवसा वडिलांच्या दुकानात पुस्तकं शिवत आणि संध्याकाळी साहित्याच्या एम.ए.च्या वर्गात बसत. वय एक्केचाळीस. वर्गातली पोरं त्यांना 'डिंकमावशी' म्हणत. पास व्हायला सात गुण कमी पडले होते आणि परीक्षेची ही शेवटची संधी होती. फेरतपासणीत गुण वाढले तर ठीक, नाहीतर सगळ्या संध्याकाळी पाण्यात.

विभागप्रमुखांना सगळे मोठे सर म्हणत. त्यांची कीर्ती एका सिद्धान्तावर उभी होती. त्या अभिजात कादंबरीतली विधवा नायिका दिरांनी बळकावलेल्या घरापाशी परत येते, दाराला हात लावते, आणि कादंबरी तिथेच थांबते. दार उघडतं की नाही, लेखक सांगत नाही. वास्तववादाच्या ऐन भरात उमटलेली ही आधुनिकतेची पहिली खूण, असं सरांनी तीस वर्षांपूर्वी मांडलं. त्याचा प्रबंध झाला, प्रबंधाचा ग्रंथ झाला, ग्रंथाच्या नोट्स झाल्या, आणि नोट्सच्या झेरॉक्सच्या झेरॉक्सवर पोरं पास होत राहिली. कादंबरी उघडायची गरजच कुणाला पडली नाही. अर्थ लावताना लेखक मेलेला असतो, हे सर दरवर्षी शिकवत. बाईंची त्याला हरकत नव्हती. पण मग वाचक तरी जिवंत असावा की नाही?

बाईंना ती कादंबरी रद्दीत सापडली होती. तिच्यात दार उघडत होतं. पुढची सोळा पानं नायिका बोलत होती, आणि दीर ऐकत होते. बाईंनी पेपरात तेच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या आपली प्रत घेऊन सरांच्या खोलीत गेल्या.

"तीनशे वीस पानं आहेत, सर."

"कुणीतरी मागाहून शेपूट जोडलं असेल," सर न बघताच म्हणाले. "बाजारात काय, वाटेल ते मिळतं. आमची विभागाची प्रत प्रमाण."

"मग ती दाखवा."

सरांनी कपाटाचं कुलूप काढलं आणि तान्हं मूल उचलावं तशी प्रत आणली. बाईंनी ती वाचली नाही. उघडून आधी पाठीची शिवण बघितली. सोळा पानांच्या घडीला त्यांच्या धंद्यात जुज म्हणतात. अशी जुजं एकावर एक शिवली की पुस्तक होतं. बाईंनी ती नखाने मोजली. एकोणीस.

"छापखाना तोच, साल तेच. विसावं जुज नाहीये. पुन्हा बांधताना राहून गेलंय."

"बाई, तुम्ही दोरे मोजा. अर्थ आम्ही लावतो."

"अर्थ लावताना अनुक्रमणिका तरी बघायची! शेवटचं प्रकरण, पान तीनशे पाच. तुमच्याच प्रतीत छापलंय."

सरांनी अनुक्रमणिका पाहिली. चष्मा पुसून पुन्हा पाहिली. मग मागचा पुठ्ठा उलटला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

"हा शिक्का ओळखता?"

शिक्का बाईंच्या दुकानाचा होता. खाली वडिलांची सही.

"म्हणजे चूक तुमच्या घरची," सर हसले. "माझा सिद्धान्त तुमच्या वडिलांनीच शिवला म्हणायचा! असं करा. फेरतपासणीत आठ गुण देतो. ही प्रत बाइंडिंगला घेऊन जा. परत आणायची घाई नाही. कधीच नाही."

सात हवे होते, आठ मिळत होते. एक गुण वर, तोंड बंद ठेवण्याचा. दोन्ही पुस्तकं काखोटीला मारून त्या बाहेर पडल्या.

वडील दुकानात खळ ढवळत बसले होते. बाईंनी पुस्तक त्यांच्यापुढे आपटलं.

"बाबा, ही तुमची करामत!"

म्हाताऱ्याने शिवणीवरून बोट फिरवलं. बराच वेळ.

"गाठ माझीच," तो म्हणाला. "त्या दिवसांत तुझी आई दवाखान्यात होती. हात चालू होता, डोकं तिकडे होतं. पडलं असेल एक जुज टेबलाखाली."

"तीस वर्षं पोरं अर्ध्या दारात उभी आहेत, बाबा! आणि आता गप्प बसले तर मी पास."

"मग बस."

"मला राग येतोय."

"येणारच. पण माझं नाव झाकायला गप्प बसू नकोस. वर शिक्का आपला आणि आत पुस्तक अपुरं, ही चोरी झाली. जा, दाभण आण."

बाईंनी स्वतःची प्रत उसवली. शेवटचं जुज सोडवलं. आता अपुरी प्रत त्यांची होणार होती. मग एकेक टाका घालत ती सोळा पानं त्यांनी विभागाच्या प्रतीत शिवली.

संध्याकाळी सरांचा तास भरला होता. विषय तोच, बंद दार. बाई सरळ टेबलापाशी गेल्या.

"सर, बाइंडिंग झालं."

"ठेवा आणि बसा," सर दातओठ खात पुटपुटले. "आठ गुण विसरू नका."

"ते तुम्हीच ठेवा." बाई वर्गाकडे वळल्या. "हे पुस्तक माझ्या वडिलांनी चुकीचं शिवलं. शिवताना ते एकदा चुकले. सर तीस वर्षं वाचताना चुकले. आता शिवण नीट बसलीय का, तेवढं बघते."

"बाई, हा माझा वर्ग आहे!"

बाईंनी पान तीनशे पाच उघडलं आणि मोठ्याने वाचलं : "'दार आत ढकलून ती म्हणाली, उठा. माझ्या जागेवर बसून फार जेवलात.'"

मागच्या बाकांवर सवयीने नोट्स उघडल्या गेल्या. पोरं पानं चाळत राहिली. ते वाक्य कुणालाच सापडेना. बाईंनी पान उलटलं.